आधीचे आउटपुट आणि नवे काम

प्रश्न : डेटा प्रक्रिया पुन्हा चालवली की काही मोड्यूल जुने आउटपुट पाहून थांबतात, तर काही ते पुसून टाकतात. असे का?

उत्तर : जुना निकाल किती जपायचा, याचे प्रत्येकाचे धोरण वेगळे असते. हडूपचे मॅपरिड्यूस (मोठा डेटा अनेक संगणकांवर वाटून त्यावर प्रक्रिया करणारी यंत्रणा) आउटपुटची डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, आधीच असेल तर काम सुरूच करत नाही, कारण तासन्‌तास खपून मिळालेला निकाल चुकून पुसला जाऊ नये. 'मेक' (एका फाइलीवरून दुसरी फाइल बनवण्याची कामे चालवणारे साधन) मात्र फाइली शेवटच्या बदलल्याच्या वेळा ताडून पाहते आणि इनपुट आधीच्या आउटपुटपेक्षा नवे असेल तरच आउटपुट पुन्हा बनवते. केवळ फाइल आहे म्हणून काम वगळणे मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण मध्येच बंद पडलेल्या कामाची अर्धवट फाइलही तयार निकाल म्हणून खपून जाते. हे टाळण्यासाठी आउटपुट आधी तात्पुरत्या नावाने लिहावे आणि पूर्ण झाल्यावरच त्याला खरे नाव द्यावे.