गंगापूर धरणावर बारा जणांना कॅनो चालवायला न्यायचंय. गटप्रमुखाने काय सांभाळावं?

ऑफिसचे बारा जण, त्यातले निम्मे नवखे, आणि जबाबदारी तुमच्यावर, असं तुम्ही लिहिलंय. मी नाशिकच्या आसपास असे गट नेत असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी वारा बघा. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो आणि गंगापूरची भिंत पाण्याच्या पूर्वेला आहे. दमलेला गट नेमका भिंतीकडे ढकलला जातो. म्हणून उजाडताच उतरा आणि भिंतीपासून लांब राहा. जाताना वारा समोरून घ्या, म्हणजे येताना दम उरला नाही तरी निभावतं. परत फिरण्याची वेळ काठावरच सगळ्यांना सांगून ठेवा. पाण्यात गेल्यावर 'अजून थोडं पुढे जाऊ' म्हणणारा एक तरी निघतोच. त्याला तिथे ठाम नाही म्हणता आलं पाहिजे. माझ्या मते गटप्रमुखाचं सगळ्यात अवघड काम हेच.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात हवं, बुडाखाली नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सूट देऊ नका. बक्कल लावून झाली की दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढून बघा. कानापर्यंत आलं तर पट्टे ढिले आहेत. पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगेल आणि माणूस त्यातून खाली सरकेल. ही तपासणी स्वतःच्या हाताने करा.

एका कॅनोत एक नवखा, एक जाणता अशा जोड्या लावा. सगळ्यात पुढे आणि सगळ्यात मागे भरवशाची माणसं ठेवा. पुढच्याला कुणी ओलांडायचं नाही, शेवटच्याच्या मागे कुणी रेंगाळायचं नाही. वेग सगळ्यात सावकाश चालणाऱ्या कॅनोचा. तुम्ही मधे राहा, सगळे नजरेत राहतील असे. वल्हं आडवं धरलं की थांबा, उभं धरलं की या, तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी, एवढ्या खुणा पाठ करून घ्या.

कॅनो उलटली तर ती सोडून काठाकडे पोहायचं नाही, तिलाच धरून राहायचं. आधी माणसं मोजा, वल्ही नंतर. दुसरी कॅनो काटकोनात आणा, उलटलेलीचं टोक उचलून तिला पालथीच आपल्या कॅनोवर आडवी ओढा, पाणी निथळलं की सुलटी करून परत सोडा. तोवर पडलेल्यांनी मदतीच्या कॅनोला धरून राहायचं. हे काठाजवळ कमरेइतक्या पाण्यात आधी करून बघा, नुसतं सांगून जमत नाही.

ढग गडगडले की लगेच काठ गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबा. पावसाळ्यात विसर्ग चालू असताना धरणाखाली गोदावरीत कुणी कितीही आग्रह केला तरी उतरू नका. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खालच्या बाजूला गोल फिरत राहतं आणि माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढतं, जॅकेट असलं तरी.

जलसंपदा विभागाची परवानगी लागते का, ते आधीच विचारून घ्या. आणि एक माणूस काठावर ठेवा. त्याच्याकडे सगळ्यांची नावं, घरचे फोन नंबर आणि परतीची वेळ लिहून द्या. ती वेळ टळली की त्याने वाट न बघता 112 ला फोन करायचा.