अमेरिकेत उमेदवार मतदारच निवडतात, तरी प्रायमरीनंतर ते आपल्याच पक्षावर का रुसतात?

तुमचा प्रश्न असा: आपल्याकडे तिकीट वरून येतं, एबी फॉर्म कुणाच्या खिशात आहे हे अर्ज भरायच्या शेवटच्या दुपारपर्यंत कळत नाही, म्हणून कार्यकर्ता चिडतो हे समजू शकतं. पण अमेरिकेत साधे मतदारच ‘प्रायमरी’ नावाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत मत देऊन उमेदवार ठरवतात. मग २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी हिलरी क्लिंटन यांना मिळाली, तेव्हा त्यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांच्या लोकांनी एवढा शिमगा का केला? आणि असे रुसलेले लोक शेवटी पक्षालाच मत देतात का?

माझं माहेर सांगलीचं, राहते न्यू जर्सीत, एडिसनला. नागरिकत्व मिळाल्यापासून डेमोक्रॅट म्हणून नोंद आहे, त्यामुळे ही भांडणं जवळून बघितली आहेत. मला दिसतं ते असं, की नुसत्या हरण्याचा राग इथे फार दिवस टिकत नाही. ‘आम्हाला विचारायच्या आधीच ठरलं होतं’ हे एकदा मनात बसलं की मात्र जाता जात नाही. तुमच्या एबी फॉर्मच्या रागापासून हे काही फार लांब नाही.

२०१६चंच घ्या. ९ फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायरमध्ये सँडर्स यांनी क्लिंटन यांना ६० विरुद्ध ३८ टक्क्यांनी चीत केलं. त्या मतांवरून डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, वाटले गेले ते १५ आणि ९. पण तिथल्या सुपरडेलिगेटांपैकी सहा जण आधीच क्लिंटन यांच्याकडे होते, त्यामुळे टीव्हीवरच्या तक्त्यात आकडा आला १५-१५. सुपरडेलिगेट म्हणजे पक्षाचे खासदार, राज्यपाल, बडे पदाधिकारी. पक्षाच्या अधिवेशनात त्यांना आपोआप मत मिळायचं, तेही मनाला येईल त्याला द्यायचं. देशभरात असे सातशेच्या वर लोक होते, एकूण मतांच्या साधारण १५ टक्के. बर्फात रांग लावून मत दिलेल्या माणसाने तो १५-१५चा तक्ता बघून काय म्हणायचं?

न्यूयॉर्कची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे पक्षाची नोंद असलेल्यालाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. मतदान होतं १९ एप्रिल २०१६ला, आणि आधीच नोंद असलेल्यांना पक्ष बदलायची शेवटची तारीख होती आदल्या वर्षीची ९ ऑक्टोबर. डेमोक्रॅट उमेदवारांची पहिली जाहीर वादचर्चा झाली १३ ऑक्टोबरला! म्हणजे उमेदवार तोंड उघडायच्या आधीच दार बंद. नियम जुना होता, मुद्दाम सँडर्ससाठी रचलेला नव्हता. ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांनाही त्याच तारखेने अडवलं आणि वडिलांना मत देता आलं नाही. पण फाटकातून परत फिरलेल्या माणसाला हे समजावून सांगायला जाऊ नये. त्यात ब्रुकलिनच्या याद्यांमधून लाखावर नावं उडालेली निघाली.

आमची पाळी ७ जूनला, कॅलिफोर्नियाबरोबर. ६ तारखेच्या संध्याकाळी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने सुपरडेलिगेटांना विचारून हिशेब मांडला आणि क्लिंटन यांचा उमेदवारीसाठी लागणारा डेलिगेटांचा आकडा पुरा झाल्याचं जाहीर करून टाकलं. आमच्या शेजारचा पंचविशीतला मुलगा, अंगणात सँडर्सची निळी पाटी, कॉलेजच्या कर्जाचे हप्ते डोक्यावर. मला म्हणाला, “उद्या मी नेमकं कशासाठी जायचं?” माझं मत क्लिंटन यांना होतं, त्यामुळे मी काहीही बोलले असते तरी ते शहाणपणा शिकवल्यासारखंच झालं असतं. तो गेला आणि मत देऊन आला. क्लिंटन न्यू जर्सीत आरामात जिंकल्या, तशाही जिंकल्याच असत्या. वृत्तसंस्थेची घोषणा पक्षाने केलेली नव्हती, हेही खरं. पण त्या मुलाच्या लेखी ते सगळे एकच होते.

मग २२ जुलैला विकिलीक्सने पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या ईमेल बाहेर काढल्या. ज्यांनी अंपायर म्हणून उभं राहायचं, ते पदाधिकारी आपसात एका खेळाडूची टिंगल करत होते, त्याला अडचणीत कसं आणता येईल याच्या गप्पा मारत होते. दोन दिवसांत समितीच्या अध्यक्षा डेबी वासरमन शुल्ट्झ यांनी राजीनामा जाहीर केला. २५ तारखेला फिलाडेल्फियाला अधिवेशन सुरू झालं. सँडर्स स्वतः आपल्या डेलिगेटांना सांगत होते की क्लिंटन यांना निवडून आणा, तर त्या लोकांनी खुद्द सँडर्स यांचीच हुर्यो उडवली.

आता माझं मत. निवडणूक चोरली, हे मला पटत नाही. क्लिंटन यांना प्रायमरीत १ कोटी ६९ लाखांच्या आसपास मतं पडली, सँडर्स यांना १ कोटी ३२ लाख. सुपरडेलिगेट बाजूला काढले तरी निवडून आलेल्या डेलिगेटांत त्याच पुढे होत्या. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कृष्णवर्णीय मतदारांनी, विशेषतः वयस्क बायकांनी, त्यांना भरभरून मतं दिली. ‘वरून लादलेली उमेदवार’ म्हणताना या लोकांना आपण मोजतच नाही. तरीही अंपायरबद्दलची तक्रार खरी होती, आणि ती खरी होती म्हणूनच चोरीची कहाणी लोकांना खरी वाटली. २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला: निकाल अटीतटीचा असेल तर सुपरडेलिगेटांना पहिल्या फेरीत मत नाही.

पण खरी मजा ऐकायची असेल तर आमच्या राज्याची ऐका. न्यू जर्सीत प्रायमरीआधी घरी नमुना मतपत्रिका येते, सॅम्पल बॅलट. अगदी २०२४पर्यंत, २१पैकी १९ काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), ती उघडली की एका रांगेत वरपासून खालपर्यंत नावंच नावं: वर राष्ट्राध्यक्ष किंवा सेनेटर, मग काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा उमेदवार, मग काउंटी कमिशनर, शेवटी गावच्या कौन्सिलचा कुणी. हे सगळे काउंटीच्या पक्षसंघटनेने पसंत केलेले. याला ‘लाइन’ म्हणायचे. बाकीचे उमेदवार कुठे? पार पलीकडे, मध्ये दोन-तीन रिकामे चौकोन सोडून, कधी कधी ज्याच्याशी काही देणंघेणं नाही अशा माणसाच्या खाली. त्या कोपऱ्याला इथे ‘सायबेरिया’ म्हणायचे. मत गुप्त, मोजणी चोख, कुणी कुणाला धमकावत नाही. फक्त कागद असा छापायचा की डोळा आपोआप एकाच रांगेवरून खाली उतरावा.

सप्टेंबर २०२३ मध्ये आमचे सेनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचा खटला दाखल झाला, घरात सोन्याच्या विटा आणि कोटांच्या खिशांत रोकड सापडलेली. दुसऱ्याच दिवशी अँडी किम यांनी त्यांच्या जागेसाठी उमेदवारी जाहीर केली. कोरियन स्थलांतरितांचा मुलगा. ६ जानेवारी २०२१ला ट्रम्प समर्थकांनी संसदेत केलेल्या दंग्यानंतर मध्यरात्री कॅपिटलमधला, म्हणजे संसद भवनातला, कचरा गुडघे टेकून गोळा करणारा खासदार म्हणून लोकांना माहीत. नोव्हेंबरमध्ये रिंगणात आल्या टॅमी मर्फी, म्हणजे तेव्हाच्या राज्यपालांच्या पत्नी. कधी कुठली निवडणूक लढवलेली नाही, काही वर्षांपूर्वीपर्यंत रिपब्लिकन. आणि बघता बघता बर्गन, एसेक्स, हडसन, कॅमडेन, आमचं मिडलसेक्स, सगळ्या मोठ्या काउंट्यांचे पक्षाध्यक्ष त्यांच्या पाठीशी! घराणेशाहीचं कौतुक सांगलीकर बाईला कुणी सांगायला नको, पण इथल्या लोकांचं डोकं सणकलं.

त्या काळात निष्ठा कशा दुभंगतात ते आमच्या गल्लीत दिसलं. ओळखीच्या एक बाई पक्षाच्या स्थानिक कमिटीवर आहेत. फ्रीजवर मर्फी यांच्या कार्यक्रमाचं निमंत्रण लावलेलं, आणि चहा गाळता गाळता बोलणं सगळं किम यांचं. नवऱ्याची नोकरी काउंटीच्या एका खात्यात. “इथे उघड बोलायचं म्हणजे पुढच्या कमिटीतून नाव कटलं समज,” म्हणाल्या. मग कुणाला पाठिंबा द्यायचा ते ठरवायला मॉनमथ काउंटीच्या पक्षाचं अधिवेशन झालं, मर्फी राहतात ती काउंटी, आणि तिथे मतदान गुप्त. किम सहज जिंकले. चिठ्ठी गुप्त असली की फ्रीजवरच्या निमंत्रणाला काही अर्थ उरत नाही.

मार्चच्या अखेरीस मर्फी यांनी माघार घेतली, आणि पाच दिवसांनी संघराज्य न्यायालयाचे न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी किम यांच्याच दाव्यावर आदेश दिला की डेमोक्रॅट प्रायमरीत ही ‘लाइन’ वापरायची नाही, प्रत्येक पदाखाली त्या पदाचे सगळे उमेदवार एकत्र छापायचे. जूनच्या प्रायमरीत किम यांना जवळपास तीन चतुर्थांश मतं मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये ते सेनेटर झाले. पुढच्या वर्षी राज्यपालपदाची प्रायमरी नव्या मतपत्रिकेवर झाली. सहा उमेदवार, सगळेच तगडे. मिकी शेरिल ३४ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिंकल्या, म्हणजे पक्षाच्या दर तीनपैकी दोन मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी पसंत केलं होतं. तरी २०१६सारखी बोंब झाली नाही. माझ्या ओळखीतले नेवार्कचे महापौर रास बराका यांचे कट्टर लोक चार दिवस हळहळले आणि नोव्हेंबरमध्ये शेरिल यांना मत देऊन आले. ट्रम्प यांच्यावरचा राग हेही त्याचं मोठं कारण होतं, नाकारत नाही. शिवाय संघटनांचं वजन काही संपलेलं नाही. बऱ्याच काउंट्यांचा पाठिंबा शेरिल यांनाच होता. पण कागदावर सहाही नावं शेजारी शेजारी होती.

आपल्याकडे आणि इथे एक मोठा फरक आहे, तो सांगायलाच हवा. आपल्याकडे रुसलेल्याला बंडखोरीची वाट असते. २०२४ला सांगलीत आघाडीने जागा उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला दिली, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, लाखभर मतांनी निवडून आले आणि पुन्हा काँग्रेसलाच पाठिंबा देऊन मोकळे झाले. मतदाराचा राग मतपेटीतच निघाला. इथे बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष उभंच राहता येत नाही. कनेक्टिकटसारखे अपवाद आहेत. तिथे २००६ मध्ये सेनेटर जो लिबरमन प्रायमरी हरूनही स्वतःच्याच नव्या पक्षाच्या नावाने उभे राहून निवडून आले. नाहीतर चिडलेल्या मतदारापुढे उरतं काय? घरी बसणं, तिसऱ्या पक्षाला मत देणं, किंवा सरळ विरोधकाकडे जाणं.

आता ते शेवटी काय करतात? बहुसंख्य लोक परत येतात. २०१६ मध्ये सँडर्सना मत दिलेल्यांपैकी साधारण १२ टक्के ट्रम्प यांच्याकडे गेले असा एका मोठ्या सर्वेक्षणाचा अंदाज आहे. ऐकायला जास्त वाटतं, पण २००८ मध्ये क्लिंटन यांचे याहून जास्त लोक ओबामांना सोडून रिपब्लिकन उमेदवार मॅकेनकडे गेले होते, आणि ओबामा तरी आरामात आले. २०१६ला विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतला फरक सगळा मिळून ७८ हजारांच्या आत होता, म्हणून त्या १२ टक्क्यांची आजवर चर्चा होते. त्यातले बरेच जण मुळात डेमोक्रॅट नव्हतेच, हे त्या चर्चेत कुणी सांगत नाही.

माझ्या म्हणण्याला छेद देणारं एक उदाहरणही देते. २०२४ला बायडेन यांनी २१ जुलैला माघार घेतली आणि कमला हॅरिस प्रायमरीत स्वतःच्या नावाने एकही मत न मागता उमेदवार झाल्या. माझ्या हिशेबाने लोकांनी चवताळून उठायला हवं होतं. उठले नाहीत, उलट आठवडाभर वर्गण्यांचा पाऊस पडला. समोर दुसरा उमेदवारच नव्हता, त्यामुळे कुणाचा माणूस डावलला गेला असं वाटायला जागा नव्हती. ज्यांचा राग होता त्यांनी तो आधीच नोंदवला होता: फेब्रुवारीत मिशिगनच्या प्रायमरीत गाझाच्या प्रश्नावरून लाखभर डेमोक्रॅटांनी ‘अनकमिटेड’, म्हणजे यांपैकी कुणीही नको, या चौकोनावर शिक्का मारला होता. ते लोक नंतर कुठे गेले यावर आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अजून भांडणं होतात, आणि त्यात सर्वांत जोरात भांडणारे दोघे ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत, त्यांना मतच नाही.