भिजलेली कातडी, चिवट खपली
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

ओल्या हवेत जनावरांच्या अंगावर उठणाऱ्या खपल्यांबद्दल या वेळी बरीच पत्रे आली. बहुतेकांच्या वर्णनात आजार एकच दिसतो: डर्मॅटोफिलोसिस, म्हणजे कातडीचा एक जिवाणूजन्य आजार. म्हणून हे सदर या खेपेला त्यालाच दिले आहे. पत्रे थोडक्यात घेतली आहेत.

प्रश्न: गाईच्या पाठीवर आणि मानेवर जाड खपल्या आल्या आहेत. गजकर्ण समजून तीन आठवडे बुरशीनाशक मलम चोळले, तरी खपल्या वाढतच आहेत. मलम बदलावे का?

मलम बदलून काही साधणार नाही, कारण वर्णनावरून ही बुरशीच वाटत नाही. हातमोजे घालून एक खपली दोन बोटांत धरा आणि हलकेच उचला. तिच्याबरोबर केसांचा झुबका मुळासकट निघून आला, तो रंगाऱ्याच्या ब्रशासारखा दिसला, खपलीची खालची बाजू वाटीसारखी खोलगट आणि ओलसर निघाली, आणि जागेवर गुलाबी, किंचित रक्ताळलेली कातडी उघडी पडली, तर संशय डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस या जिवाणूवर घ्यावा. गजकर्णाचा चट्टा बहुधा गोल, राखाडी आणि कोरडा असतो, केस तिथे तुटून जातात. अंगभर टणक गाठी, ताप आणि सुजलेल्या लसिकाग्रंथी दिसल्या, तर तो लम्पी असू शकतो. तसे असल्यास जनावर वेगळे बांधून त्याच दिवशी पशुवैद्यकांना कळवा.

बुरशीचा गैरसमज तसा जुनाच आहे. १९१५ साली व्हान सासेगेम यांनी बेल्जियन काँगोमधल्या गुरांत या आजाराचे वर्णन केले, आणि जिवाणूच्या नावात काँगो आले ते तिथूनच. हा जिवाणू फांद्या फुटलेल्या धाग्यांसारखा वाढतो, त्यामुळे पाहणाऱ्याला बुरशीच भासते. मेंढ्यांतल्या याच आजाराला बराच काळ बुरशीजन्य त्वचादाह म्हणत. नाव चुकले की औषधही चुकते, ते असे. बुरशीनाशकांचा जिवाणूवर भरवशाचा उपयोग नाही. त्या मलमात स्टिरॉइड मिसळलेले असेल तर अपायच होतो, कारण कातडीची प्रतिकारशक्तीच दबते. नळीवरचे घटक एकदा वाचून पाहा.

खपली इतकी जाड का होते, हे कळले की उपचाराचा क्रमही कळतो. सुक्या खपलीत जिवाणू पडून राहतो. पाणी लागले की त्यातून गोलसर, कशाभिकांनी (शेपटीसारख्या बारीक तंतूंनी) पोहणारे चलबीजाणू सुटतात. कातडीतून कार्बन डायऑक्साइड झिरपत असतो, त्याच्या दिशेने ते सरकतात. धडधाकट, कोरड्या कातडीवर केस, तेलकट थर आणि वरची शिंगी पेशींची भिंत त्यांना अडवते. सतत भिजून ती भिंत मऊ पडली, किंवा काटा, गोचीड, चावरी माशी यांनी तिला भोक पाडले, की बीजाणू आत रुजतात आणि धागे फुटतात. हे धागे बाह्यत्वचेतच पसरतात, खालच्या थरात सहसा उतरत नाहीत. शरीर खालून पांढऱ्या पेशींचा थर पाठवते आणि त्याखाली नवी बाह्यत्वचा तयार होते. मग केसांच्या मुळांभोवती उरलेले धागे या नव्या थरात शिरतात, पुन्हा तेच चक्र. थरावर थर चढून खपली होते. ती उभी कापून पाहिली तर हे पापुद्रे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

म्हणून पहिले काम जनावर कोरडे करण्याचे. छप्पर, कोरडी जमीन आणि खेळती हवा मिळाली की सौम्य आजार पुष्कळदा औषधावाचूनही ओसरतो. खपल्या सुक्या असताना ओरबाडू नका. दुखते, रक्त येते आणि तुकडे उडून आजूबाजूला पडतात. कोमट पाण्यात भिजवलेले फडके दहा मिनिटे ठेवा, सुटतील तेवढ्याच काढा, डब्यात गोळा करून जाळा. मग २ टक्के क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावून दहा मिनिटे राहू द्या (डोळे आणि कान सांभाळून), स्वच्छ धुवा आणि टॉवेलने टिपून पूर्ण वाळवा. हे आठवडाभर रोज, पुढे आठवड्यातून दोनदा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे आधी साबणाने घासणे आणि साबण नीट न काढता क्लोरहेक्सिडिन लावणे. साबणाचा अंश त्याला निकामी करतो. दुसरी चूक वाळवण्याचा कंटाळा. रोज धुऊन ओलेच सोडले तर बीजाणूंना आपण हवे तेच दिले.

खपल्या अंगभर असतील, जनावर खंगत असेल, तर इंजेक्शन लागते आणि ते पशुवैद्यकांनीच ठरवावे. गुरांत दीर्घकाळ काम करणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम या मात्रेने देतात. बाटली २०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरची असेल तर ३०० किलोच्या गाईला ३० मिलिलिटर होतात, आणि ते एका जागी १० मिलिलिटरहून जास्त न टोचता तीन ठिकाणी द्यावे लागतात. वजन नजरेने धरले की मात्रा बहुधा कमी पडते. छातीचा घेर मोजून वजन काढा. दूध आणि मांस किती दिवस वापरायचे नाही ते बाटलीच्या वेष्टनावर असते, तेवढे दिवस पाळायचे.

प्रश्न: पशुवैद्यकशास्त्राचा विद्यार्थी आहे. खपलीचा लेप (काचपट्टीवर पसरलेला पातळ थर) दोनदा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, काहीच नीट दिसले नाही. सॅबुरो माध्यमावरही काही उगवले नाही. चूक कुठे?

माध्यमापासून, म्हणजे जंतू वाढवायच्या थाळीतल्या खाद्यापासून, सुरू करू. सॅबुरो डेक्स्ट्रोज आगर बुरशीसाठी असते, हा जिवाणू त्यावर वाढत नाही. तेव्हा तिथे काही न उगवणे हे उलट बुरशी नसल्याच्या बाजूने एक गुण धरा. त्याला रक्त आगर, म्हणजे रक्त मिसळलेले माध्यम, लागते.

लेपाचे म्हणाल तर दोन शक्यता. खपली जुनी, पूर्ण सुकलेली असेल, किंवा लेप फार जाड पडला असेल. ताजी, खालून ओलसर खपली घ्या. तिच्या खालच्या बाजूचा तांदळाएवढा तुकडा काचपट्टीवर दोन थेंब निर्जंतुक पाण्यात ठेवा, पात्याने बारीक चिरा, काही मिनिटे मऊ होऊ द्या आणि काडीच्या टोकाने पातळ पसरवा. मोठे तुकडे उचलून टाका. लेप हवेत वाळवून मिथेनॉलने स्थिर करा आणि गिम्सा रंग द्या. ग्रॅम रंगाने जिवाणू जांभळा दिसतो खरा, पण इतका गडद की आतली रचना बुजते. तुमचे बहुधा इथेच अडले असावे. सूक्ष्मदर्शकाच्या तेलभिंगाखाली काय शोधायचे, तर फांद्या फुटलेले धागे, आणि त्या धाग्यांत दोन, चार किंवा अधिक समांतर ओळींत बसलेले गोल ठिपके. धागा आडवा विभागतो, मग उभाही विभागतो, म्हणून ही आगगाडीच्या रुळांसारखी जोडरांग तयार होते. एकदा पाहिली की विसरत नाही. वाळत आलेल्या जुन्या जखमेत मात्र धागे तुटून नुसते सुटे गोल ठिपके उरतात, आणि ते इतर गोलाणूंसारखेच दिसतात. एवढ्यावर निदान लिहू नका.

माध्यमावर वाढवण्यासाठी हालस्ट्रा नावाची पद्धत वापरा. खपलीत इतर जिवाणूंची एवढी गर्दी असते की सरळ माध्यमावर ओढले तर तेच वरचढ ठरतात. लहान बाटलीत १ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घ्या, खपलीचे दोन-तीन तुकडे टाका आणि झाकण उघडे ठेवून सुमारे साडेतीन तास खोलीच्या तापमानाला राहू द्या. मग उघडी बाटली पेटती मेणबत्ती ठेवून झाकलेल्या बरणीत पंधरा मिनिटे ठेवा. मेणबत्ती विझते तेव्हा बरणीत कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो. कातडीकडे धावणारे बीजाणू आता त्याच ओढीने पाण्याच्या पृष्ठभागाशी येतात. बाटली न हलवता वरच्या थरातून तारेच्या कडीने कडीभर पाणी उचला आणि रक्त आगरावर ओढा. ३७ अंश सेल्सिअसला, ५ ते १० टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवा. एक-दोन दिवसांत बारीक, करड्या-पिवळसर, आगरात रुतून बसलेल्या वसाहती दिसतात आणि भोवती रक्त विरघळल्याची स्वच्छ कडा येते. पुढे रंग सोनेरीकडे झुकतो. पाच दिवसांआधी थाळी फेकू नका. जिवाणूची स्वतःचीच सवय वापरून त्याला गर्दीतून वेगळे काढणारी याहून स्वस्त युक्ती सापडणे कठीण.

प्रश्न: आजारी जनावराची निगा राखणाऱ्याच्या हातावर पू भरलेले फोड आले आहेत. हा आजार माणसाला होतो का?

होतो, पण क्वचित. माणसातल्या पहिल्या रुग्णांची नोंद १९६१ साली न्यूयॉर्क राज्यातून झाली. आजारी हरीण हाताळलेल्या चौघांना फोड आले होते. संपर्कानंतर साधारण दोन ते सात दिवसांत हातावर आणि मनगटापासून कोपरापर्यंत २ ते ५ मिलिमीटरचे, बहुधा न दुखणारे फोड येतात, फुटतात, खाली लालसर उथळ खड्डा उरतो. निरोगी माणसात हे दोनेक आठवड्यांत आपोआप भरते आणि काही काळ जांभळट डाग राहतो. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत आजार रेंगाळू शकतो. त्यांनी खपल्यांना हात लावूच नये.

तरी फोड डॉक्टरांना दाखवा आणि जनावराला काय झाले आहे तेही सांगा, नाहीतर कोणाला ते सुचणार नाही. स्टॅफिलोकॉकससारखे इतर जिवाणू आणि ऑर्फ या शेळ्या-मेंढ्यांच्या आजाराचा विषाणूही हातावर असेच काही उठवतात. एक खूण मात्र वेगळी ओळखून ठेवा. जनावर किंवा कातडे हाताळल्यावर न दुखणारी काळी खपली आणि भोवती भरपूर सूज आली, तर ती अँथ्रॅक्सची असू शकते. तेव्हा वाट न पाहता रुग्णालय गाठा.

प्रश्न: शेळीच्या करडांच्या ओठांवर खपल्या आहेत. हेच का?

दोन्ही शक्य आहे, पण केवळ ओठांवर, हिरड्यांच्या कडेने आणि एकाच वेळी बऱ्याच करडांना असेल तर आधी ऑर्फ हा विषाणूजन्य आजार धरा. डर्मॅटोफिलोसिस कान, नाक आणि पायांवरही दिसतो. वर सांगितलेला गिम्सा लेप अर्ध्या तासात निवाडा करतो. ऑर्फही माणसाला होतो, म्हणून हातमोजे दोन्हींत लागतात.

प्रश्न: घोड्याच्या पाठीवर, पाणी ओघळते त्या रेषेतच खपल्या आहेत. पावसाळी झूल घालावी का?

झूल तेव्हाच, जेव्हा घोडा आतून कोरडा असेल. ओल्या अंगावर घातलेली, हवा न जाऊ देणारी झूल म्हणजे ऊबदार, दमट खोलीच. लांब केस त्या भागापुरते कापा म्हणजे वारा लागतो. खरारा, खोगिराखालची गादी आणि झूल प्रत्येक घोड्याची वेगळी. गुरांसाठी दिलेले दीर्घकाळ चालणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन घोड्याच्या स्नायूत देऊ नका, तिथे ते फार त्रास देते. औषध लागलेच तर पशुवैद्यक दुसरे देतील.

प्रश्न: शंभर वर्षांहून जुना आजार, मग लस का नाही?

प्रयत्न झाले, पण हाती भरवशाची लस आलेली नाही. जिवाणूच्या जातीजातींत फरक आहे. एका जातीविरुद्ध तयार झालेले संरक्षण दुसरीपुढे तोकडे पडते. शिवाय तो बाह्यत्वचेत बसतो, तिथवर रक्तातल्या प्रतिपिंडांचा हात नीट पोहोचत नाही. संशोधनाला यश आले ते दुसऱ्या वाटांनी.

एक वाट गोचिडांची. पश्चिम आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांवर गुरांतला भयंकर प्रकार अँब्लिओमा व्हेरिगेटम या गोचिडीशी बांधलेला आहे. गंमत अशी की खपल्या गोचीड चावली तिथेच येतात असे नाही, पाठीवरही येतात. म्हणजे गोचीड केवळ भोक पाडत नाही, तिच्या लाळेमुळे जनावराची एकूण प्रतिकारशक्ती दबते. तिथे प्रतिजैविक देत राहून गोचीड तशीच ठेवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

दुसरी वाट वंशाची. पश्चिम आफ्रिकेतली एन्दामा गुरे या आजाराला दाद देत नाहीत, बाहेरून आणलेली मात्र कोलमडतात. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर ब्राह्मन वंशाच्या गुरांत प्रतिकारशक्तीच्या जनुकांतली एक खूण आजाराला बळी पडण्याशी जुळते असे आढळले. ती खूण असलेली जनावरे पैदाशीतून वगळल्यावर त्या कळपातले आजाराचे प्रमाण पाच वर्षांत ७६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. एका कळपाचा हा निकाल जसाच्या तसा दुसऱ्या वंशाला लावता येणार नाही, पण दरवर्षी ज्या गाईला खपल्या येतात तिचे वासरू पैदाशीला ठेवू नये एवढे तर कोणीही करू शकतो.

औषधांच्या बाजूला मात्र सावध राहण्याचे कारण आहे. कॅरिबियनमधल्याच सेंट किट्स बेटावरच्या गुरांतून मिळालेल्या जिवाणूत टेट्रासायक्लिनला (ऑक्सिटेट्रासायक्लिन याच गटातले) दाद न देणारे जनुक सापडल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्धवट मात्रा देऊन थांबणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

प्रश्न: मेंढ्यांची लोकर कातरली की आठवड्याभरात कळपात खपल्या दिसतात. कातरणाऱ्याचा दोष का?

कातरताना झालेल्या जखमा हे एक दार, पण मोठे कारण पुढचे असते: कातरल्यावर लगेच औषधी हौदात बुडवणे आणि ओल्या मेंढ्या दाटीवाटीने कोंडणे. अंगाला अंग लागून बीजाणू एकीवरून दुसरीवर जातात. कातरण आणि हौद यांत जखमा भरण्याइतके अंतर ठेवा, ओल्या मेंढ्या मोकळ्यावर सोडा, खपल्या असलेल्या शेवटी कातरा. फवाऱ्यात १ टक्का तुरटी, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, वापरण्याची जुनी पद्धत प्रतिबंधाला उपयोगी आहे. जाड खपली झाल्यावर तिच्यावर भिस्त ठेवू नका.

प्रश्न: जनावर बरे झाले. गोठा किती दिवसांनी सुरक्षित?

दिवस मोजून भागणार नाही. सुक्या खपलीत बीजाणू ४२ महिन्यांपर्यंत जिवंत राहिल्याची नोंद आहे. आधी कोरडेच झाडून खपल्या, केस आणि अंथरूण गोळा करून जाळा, मगच धुवा. आधी पाणी मारले तर तेच बीजाणू जागे होऊन फटींत जातात. मग जंतुनाशक, मग पूर्ण वाळवणे. आणि बरे झालेल्या जनावराचे कान, नाकपुड्यांची कड आणि खुरांवरचा भाग बोटांनी चाचपून बघा. एखादी वाटाण्याएवढी खपली तिथे राहून जाते, आणि पुढच्या ओल्या मोसमात आजार तिथूनच सुरू होतो.