शेतातून ग्राहकापर्यंत जाणाऱ्या फळांत-भाज्यांत कोणी मुद्दाम काही कालवू नये म्हणून काय करता येईल?

तुम्ही विचारलंय की कॅमेरे, सील आणि क्यूआर कोड यांपैकी नक्की काय कामाला येतं. याच विषयावरून सहा वर्षांपूर्वी माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं जे वाजलं, ते आजही मिटलेलं नाही. म्हणून लिहितोय.

आमची रावेर तालुक्यात केळी आहे. त्या वर्षी कांदेबागाचा, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीचा माल आखातात जायचा होता. असल्या मालाची पॅकिंग बागेतच होते. घड कापून फोमच्या गादीवर ठेवायचा, फण्या काढायच्या, चीक जाईपर्यंत तुरटीच्या पाण्यात सोडायच्या आणि मग 13 किलोच्या पेटीत भरायच्या. दिवसभराची प्रत्येक फणी त्या एका टाकीतून जाते. कुणाच्या मनात वाईट असेल तर त्याला पेट्या फोडत बसायची गरज नाही.

पोळ्याला आठवडा होता. सकाळी अकराच्या सुमारास टाकीवरच्या पावरा मावशींनी पाण्यातून हात काढला, नाकाशी नेला आणि दुसऱ्या हातातली फणी पाण्यात न सोडता परत गादीवर ठेवली. "भाऊ, पाण्याला वास येतोय." मी वाकून बघितलं. चिकाने पाणी नेहमी करडं होतं, हे दुधाळ झालं होतं. वास टू-फोर-डीचा, मक्यात तण मारायला वापरतो त्याचा. ज्याने एकदा ते पंपात भरलंय त्याला तो वास पुन्हा ओळखायला लागत नाही.

तोवर 180 पेट्या भरून झाल्या होत्या. औषध कधी पडलं हे सांगायला कुणी नव्हतं.

दादा म्हणाला, पाणी बदल आणि पुढे चल, साल कोण खातं? मी म्हटलं, लहान पोर देठ दातानेच तोडतं. त्यावर तो जे बोलला ते शब्दन् शब्द लक्षात आहे: "तुले काही कयते का? बोभाटा झाला तर एक व्यापारी आपल्या बागेत पाय ठेवनार नही." मी ऐकलं नाही. सगळ्या पेट्या बाजूला काढून खड्ड्यात पुरल्या आणि व्यापाऱ्याला स्वतः फोन केला. त्याने गाडी वळवली, त्या हंगामात तो परत आला नाही, आणि उरलेला माल आम्ही पडत्या भावात दिला. नुकसान झालं हे मी कधीच नाकारलं नाही. पण त्या संध्याकाळी काम बंद राहिलं म्हणून मावशींचा अर्धा रोज कापायला दादा निघाला होता, ते मला आजही सहन होत नाही. ज्या बाईने आपल्याला वाचवलं, तिचाच रोज?

औषध टाकलं होतं आमच्याच गाडी भरणाऱ्या पोराने. तीन आठवड्यांची मजुरी अडकली होती. मुकादम म्हणायचा मालकाने दिली नाही, आणि ते खरं होतं, दादाने केळीचा दर चढायची वाट बघत पैसे थांबवले होते. डबा आमच्याच खोलीतला, खोलीला कुलूप नाही. फाटकावरचा कॅमेरा चालू होता. त्यात तो पोरगा रोजच्यासारखा डबा घेऊन आत येताना दिसतो, जेवणाचा.

तरी दादाचं उत्तर एकच, अजून कॅमेरे लाव. कॅमेरा बाहेरच्याला अडवतो. आमच्या भागात वैरातून रात्रीत केळीची खोडं कापून टाकतात, त्यासाठी लावा जरूर. पण माल पॅक होतो तिथे जो पोचतो तो आपलाच असतो. ऑस्ट्रेलियात 2018 मध्ये स्ट्रॉबेरीत सुया सापडल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी टनांनी फळ फेकलं आणि सरकारने कमाल शिक्षा 10 वरून 15 वर्षं केली. पकडलं कुणाला, तर मळ्यावरच्याच माजी सुपरवायझर बाईंना. (2021 मध्ये त्यांच्यावरचे आरोप मागे घेतले गेले, हेही सांगायला हवं.) 1989 मध्ये चिलीच्या द्राक्षांचं तर धमकीच्या एका फोनवरून सुरू झालं. फिलाडेल्फियात सायनाइडचा अंश असलेले दोन मणी सापडले आणि अमेरिकेने चिलीची सगळी फळं अडवली. दोन मण्यांपायी एका देशाचा हंगाम गेला. बोभाट्याची भीती खोटी आहे असं मी म्हणतच नाही. ती खरी आहे म्हणूनच माल गाडीत चढायच्या आत आपणच बोललं पाहिजे.

क्यूआर कोडचं म्हणाल तर त्याने कालवणं थांबत नाही. कुठल्या बागेचा, कुठल्या दिवसाचा माल मागे घ्यायचा ते कळतं, आणि तेही मोलाचं आहे. द्राक्षवाल्यांकडे अपेडाचं (शेतमालाची निर्यात बघणाऱ्या सरकारी संस्थेचं) ग्रेपनेट आहे, त्यात प्लॉटपर्यंत माग लागतो. आमच्याकडे तेव्हा वहीसुद्धा नव्हती, असती तर 180 ऐवजी कदाचित 60 पेट्या पुराव्या लागल्या असत्या. आता दर तासाला पेट्यांवर खडूने आकडा पडतो, टाकीचं पाणी बदललं की वहीत वेळ लिहितो, औषधं कुलपात असतात आणि किल्ली माझ्याकडे. मजुरी दर शनिवारी, भाव काहीही असो. टाकीवर जो बसतो त्याला काम थांबवायचा हक्क आहे, आणि थांबवलं म्हणून कुणाचा रोज कापला जात नाही. शेवटच्या दोन गोष्टी दादाला आजही पटत नाहीत.

दोन गोष्टी राहिल्या. एक, सगळ्या विषांना वास नसतो, नाकावर विसंबू नका. शंका आली की पाण्याचा नमुना बाटलीत भरून ठेवा. आम्ही घाईत टाकी ओतून दिली आणि प्रयोगशाळेत द्यायला काहीच उरलं नाही. दुसरं, आम्ही पोलिसांत गेलो नाही. पोरगा 19 वर्षांचा होता, आणि मजुरी आम्हीच अडकवली होती. पण तुम्ही माझं बघून तसं करू नका. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याचं कलम 59 असुरक्षित अन्न विकणाऱ्यावर आहे, खाऊन कुणी मेलं तर किमान सात वर्षं ते जन्मठेप आणि किमान 10 लाख दंड. शेतकऱ्याच्या शेतावरच्या मालाला तो कायदा लागू नाही (कलम 18), पण माहीत असून माल पुढे पाठवला असता तर दोषी तो पोरगा नंतर, आधी आम्ही दोघे भाऊ ठरलो असतो.