गिटारचे लाकूड : वाचकांचे प्रश्न

आमचा जुना वाडा उतरवला, त्यात जाडजूड सागवानी तुळया निघाल्या. त्यांतून अख्खी गिटार होईल का? (जुळे सोलापूर)

अख्खी नको, आणि टॉप, म्हणजे पुढची फळी, तर नकोच. ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, ज्यावर बसतो त्या पुढच्या फळीला स्टीलच्या तारा मिळून 70 किलोंच्या आसपास ताण देतात आणि तिची जाडी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. इतके पातळ असूनही ताठ आणि तरीही हलके, असे लाकूड म्हणजे स्प्रूस, थंड प्रदेशातला सूचिपर्णी वृक्ष. घनमीटरला 400 ते 450 किलो. सागवान 650च्या घरात. ताण ते सोसेल, पण तारेच्या धक्क्याने मोकळेपणी हलणार नाही.

नेकसाठी, म्हणजे गिटारच्या दांडीसाठी, मात्र मी ही तुळई आनंदाने घेईन. इतकी वर्षे मुरलेले लाकूड वखारीत मागूनही मिळत नाही. सरळ रेषांचा, बिनगाठीचा तुकडा निवडा आणि करवत लावण्याआधी खिळे शोधा. सागात तेल असते, म्हणून रंधा मारल्यावर लगेच चिकटवा, नाहीतर सांधा सुटतो.

पैसे मोजकेच आहेत. बॅक आणि साइडला (मागची फळी आणि कडा) शिसवच हवे का? (बार्शी)

स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी 1862 मध्ये एक गिटार बनवली. टॉप स्प्रूसचा, बॅक आणि साइड चक्क पुठ्ठ्याच्या! आवाज टॉप घडवतो, हे त्यांना दाखवायचे होते. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. सतारीत तबलीचा जो मान, तोच गिटारीत टॉपचा.

तेव्हा पैसे टॉपवर घाला. फळीचे टोक पाहा : झाडाच्या दरवर्षीच्या वाढीच्या रेषा पृष्ठभागाशी काटकोनात उभ्या हव्यात. तिरप्या रेषांची फळी हवेबरोबर वाकते. मग कडेजवळ दोन बोटांत सैल धरून टिचकी मारा. नाद रेंगाळला तर घ्या, ‘ठक्’ करून मेला तर परत ठेवा. बॅकला आंबा किंवा महोगनी चालेल. शिसवाने खर्ज भरीव होतो हे मी मानतो, पण टॉपच्या पैशांत काटकसर करून ते घेऊ नका. आणि घेतलेच, तर वखारीत शिशम म्हणून मिळणारे उत्तरेकडचे लाकूड वेगळे, हे लक्षात ठेवा.

टॉपला देवदार चालेल का? (पंढरपूर)

गिटारवाले ज्याला सीडर म्हणतात तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा वृक्ष, आपला हिमालयातला देवदार नव्हे. तो सीडर मऊ, लवकर खुलणारा. बोटांनी हळुवार वाजवणाऱ्याला छान.

मे महिन्यात माझ्या गिटारच्या टॉपला ब्रिजजवळ तडा गेला. लाकूड खराब होते का? (अक्कलकोट रोड)

बहुधा नाही. पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगलेले असते. तसेच चिकटवले, तर आपल्या उन्हाळ्यात ते आकसते आणि जागा नसल्याने फाटते. माझी पहिली गिटार अशीच फाटली : ऑगस्टमध्ये जोडली, एप्रिलमध्ये रात्री खोलीत आवाज आला. त्या आवाजाने अजून पोटात खड्डा पडतो. तेव्हापासून टॉप मी दिवाळीनंतरच जोडतो, फळ्या खोलीत महिनोन्‌महिने पट्ट्या घालून रचून ठेवतो आणि आर्द्रता 45 ते 50 टक्के असल्याशिवाय सरसाला हात लावत नाही.

तुमचा तडा बारीक असेल तर घाई नको. गिटार तिच्या पेटीत ठेवा, सोबत ओलसर स्पंजची डबी ठेवून आठवडाभर बंद करा. फट मिटत आली की सरस भरा आणि आतून स्प्रूसची पातळ चकती आडव्या रेषांनी चिकटवा.