न्यूजग्रुप परत कसे वाचायचे?

प्रश्न : गूगल ग्रुप्सवर यूजनेटचे नवे संदेश दिसत नाहीत. यूजनेट बंद झालं का? — एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. २२ फेब्रुवारी २०२४ला गूगलने आपल्यापुरता संबंध तोडला, एवढंच. यूजनेट म्हणजे विषयवार चर्चागटांचं, म्हणजे न्यूजग्रुपचं, जाळं. त्याला मालक नाही. सर्व्हर एकमेकांना संदेश पोचवत राहतात.

‘इटर्नल सप्टेंबर’ या यूजनेट सर्व्हरवर मोफत नोंदणी करा. थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्राममध्ये न्यूजग्रुप खातं जोडा, सुरक्षा एसएसएल/टीएलएस आणि पोर्ट ५६३ ठेवा. बहुतेकांचं घोडं पुढे अडतं : सर्व्हर सेटिंगमध्ये जोडणीवेळी नेहमी ओळख मागण्याच्या पर्यायावर टिक नसेल, तर गटांची यादी रिकामीच राहते. फोटो चिकटवू नका, हा निव्वळ मजकुराचा सर्व्हर आहे. प्रेषकाच्या जागी रोजचा ईमेलही नको. संदेश जगजाहीर असतात, स्पॅमवाले टपलेलेच. लोडशेडिंगवाल्यांनी संदेश ऑफलाइन उतरवून ठेवावेत.