संस्थेच्या निरोपांसाठी स्वतःचा सर्व्हर

प्रश्न : कोल्हापुरातील आमच्या पतसंस्थेचे कामकाजाचे निरोप कर्मचाऱ्यांच्या खासगी मोबाइलवरच राहतात. स्वतःच्या सर्व्हरवर कोणती मुक्तस्रोत चॅट प्रणाली बसवावी?

उत्तर : आपल्यासाठी मी झुलिप सुचवेन. २०१५ पासून तिचा स्रोत (प्रोग्रॅमचा मूळ कोड) खुला आहे आणि तीत प्रत्येक संभाषणाला विषय देण्याची रीत असल्याने ‘गडहिंग्लज शाखा – रोकड तफावत’ या विषयाखालचे सारे निरोप रजेवरून परतलेल्या लेखनिकालाही सलग वाचता येतात; पतसंस्थेच्या कामात हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही मजकूर दिसू नये, अशी आपली गरज असेल तर मात्र मॅट्रिक्स या, निरोप टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध ठेवू शकणाऱ्या खुल्या चॅट प्रणालीचा विचार करावा, पण तिचा सिनॅप्स हा सर्व्हर-प्रोग्रॅम रॅम बरीच खातो. निवड कोणतीही असो, बॅकअप दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उतरवून पाहिल्याशिवाय शाखांना जोडू नये.